तुरटपणा कामाला कसा लावायचा? हिरडा, बाभूळसाल, कात, डाळिंबसाल

सुतकताई (धागाकर्ती)

हिरड्याचा तुकडा चघळला की जीभ कोरडी पडते आणि गाल आतून ओढल्यासारखे होतात. गोड-आंबट या चवी, तुरट मात्र बराचसा स्पर्शच आहे. लाळेतली प्रथिनं तोंडात वंगणाचं काम करतात. हिरड्यातलं तुरट द्रव्य म्हणजे टॅनिन. ते या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं, वंगण जातं आणि तोंड खरखरीत लागतं. टॅनिनचा हा धरून ठेवण्याचा गुण फक्त प्रथिनांपुरता नाही. लोखंड, तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम आणि थोडंफार सूत यांनाही ते धरतं. कातडं कमावणं, सुती कापड रंगवणं, काळी शाई, गंजावरचा लेप, सगळं यातूनच निघालं.

वनस्पतीरंगांच्या कृती सगळीकडे फिरत असतात, पण त्यात मापं नसतात. 'थोडा हिरडा, चिमूटभर हिराकस (लोखंडाचा क्षार, फेरस सल्फेट)' एवढ्यावर कापड रंगत नाही, आणि रंगलं तरी दोन धुण्यांत फिकं पडतं किंवा वर्षभरात विरतं. म्हणून हा चर्चेचा धागा. मी सुती कापडापासून सुरुवात करते, बाकीच्या वापरांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

सगळी मापं १०० ग्रॅम कोरड्या कापडाला आहेत. आधी कापड वजन करा, डोळ्यांनी अंदाज नको.

१. कापड उकळून घेणं. नव्या कापडाला खळ आणि कापसाचं मेण असतं. ३ लिटर पाण्यात ६ ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. पाणी पिवळट-तपकिरी होतं. गिरणीचं कापड असेल तर दोनदा करा. वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब मणी होऊन बसला तर मेण शिल्लक आहे, लगेच आत शिरला तर कापड तयार. खळ उरली का ते पाहायला औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन कोपऱ्याला लावा. निळं-काळं झालं तर खळ आहे.

२. हिरड्याचं पाणी. हिरडा फोडून आठळी काढून टाका, टॅनिन गरात असतं. २० ग्रॅम भुकटी २ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी हाताला सोसेल इतकी गरम करा आणि दुपदरी फडक्यातून गाळा. भांडं स्टीलचं. ओलं करून पिळलेलं कापड त्यात दीड-दोन तास ठेवा, दर दहा मिनिटांनी वरखाली करा. मग पिळा आणि खळबळू नका, तसंच वाळवा. कापड लोण्यासारखं पिवळट दिसतं.

३. इथून दोन वाटा. तुरटीची वाट: १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून २ लिटर पाणी करा, कापड त्यात दोन तास. नुसत्या हिरड्यावर मऊ पिवळा येतो, पुढे मंजिष्ठात घातलं तर लाल. लोखंडाची वाट: २ ग्रॅम हिराकस २ लिटर थंड पाण्यात, कापड १० ते १५ मिनिटं सतत हलवत. राखाडी डोळ्यांसमोर चढतो.

हिरडाच का, तर त्यात टॅनिन भरपूर असतं आणि त्याचा स्वतःचा रंग फिका असतो. बाभळीची साल तपकिरी करते, कात विटकरी करतो, वरचा रंग मळतो.

आडवाट

धागा आवडला. प्रश्न: तुरटी आधी आणि हिरडा नंतर केला तर काय बिघडतं? लोकरीच्या कृतीत थेट तुरटीच घालतात.

सुतकताई

लोकर आणि रेशीम ही प्रथिनं आहेत, तुरटीला ती स्वतःच धरतात. कापूस म्हणजे सेल्युलोज, त्यावर तुरटीला बसायला जागा फार कमी. आधी टॅनिन सुतावर बसतं, मग तुरटी टॅनिनवर बसते, आणि मंजिष्ठाचा रंग तुरटीवर. पायरी उलटी केली की बरीच तुरटी हिरड्याच्या पाण्यात उतरते, तिथेच साका होतो, पाणी गढूळ दिसतं आणि कापड कोरं राहतं. लोकरीला हिरडा देऊ नये असं नाही, पण ती हाताला राठ लागते.

काळीमाती

हिराकसाबद्दल नक्की सांगा. एका कार्यशाळेच्या कागदावर कापडाच्या वजनाच्या १० टक्के लिहिलं आहे. गडद काळा हवा असेल तर तेवढा लागतोच ना?

रंगशाळा

नाही, १० टक्के हा कापड मारायचा रस्ता आहे. सुती कापडाला २ टक्के, फार तर ४. त्यापुढचं लोखंड टॅनिनला धरायला उरत नाही, ते मोकळं राहतं. हिराकस टॅनिनशी जुळताना आम्लही सुटतं. आम्लाने सूत ठिसूळ होतं, मोकळं लोखंड हवेतल्या ऑक्सिजनला हाताशी धरून तेच काम पुढे चालू ठेवतं. जुन्या छापील कापडांत काळ्या रेषांच्या जागीच चिरा आणि भोकं दिसतात, त्यामागे हेच.

गडद काळा हवा तर हिराकस वाढवायचा नाही, फेऱ्या वाढवायच्या. हिरडा, लोखंड, पाण्यात खळबळणं, पुन्हा हिरडा, पुन्हा लोखंड. तीन फेऱ्यांत राखाडीचा काळा होतो. शेवटची फेरी हिरड्याची, म्हणजे मोकळं राहिलेलं लोखंड बांधलं जातं. मग २ लिटर पाण्यात १० ग्रॅम खडूची भुकटी ढवळून त्यात दहा मिनिटं बुडवा, आम्ल मरतं. शेवटी साध्या पाण्यात दोनदा खळबळा.

हिराकस घेताना खडे फिकट हिरवे आहेत का बघा. पिवळट-तपकिरी भुकटी झाली असेल तर ते हवेने बिघडलं आहे, त्याने कापडावर गंजाचे ठिपके येतात. हिरवे खडेही पूर्ण विरघळवून गाळून घ्या. न विरघळलेला एक कण कापडावर बसला की तिथे काळा टिकला पडतो आणि तो निघत नाही. हिराकसाच्या पाण्याचं भांडं, काठी, हातमोजे सगळं वेगळं ठेवा. पिवळ्याच्या भांड्यात या पाण्याचा एक थेंब गेला तरी पिवळ्याचा शेवाळी होतो.

आडवाट

वाळल्यावर घडीच्या रेषा गडद आणि मधला भाग फिका, असं का होतं?

सुतकताई

पाणी जिथून उडतं तिकडे टॅनिन ओढलं जातं. दोरीवर घातलं तर दोरीची रेघ आणि खालची किनार गडद होते. सपाट पसरून वाळवा, अर्धवट वाळल्यावर उलटा. कच्छमधले अजरखचे कारागीर हिरडा दिलेलं कापड उन्हात जमिनीवर आडवं पसरतात ते यासाठीच. ओलसर घडी करून रात्रभर ठेवलं तर काम वाया गेलंच म्हणून समजा.

विहिरीचंपाणी

यात पाण्याचा मुद्दा यायला हवा. बोअरच्या पाण्यात लोखंड असेल तर पिवळा कधीच स्वच्छ येत नाही, मळकट राखी येतो, आणि दोष हिरड्याला दिला जातो. तपासायला प्रयोगशाळा नको. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घ्या, एकात बोअरचं आणि एकात पावसाचं किंवा गाळणयंत्रातलं. दोन्हींत चिमूटभर हिरड्याची भुकटी ढवळून अर्धा तास ठेवा. पावसाच्या पाण्याचा पेला पिवळा राहतो. दुसरा करडा किंवा निळसर झाला तर त्या पाण्यात लोखंड आहे. त्याच पाण्याचा चहाही काळपट होतो. पाणी उकळून हे पूर्ण जात नाही, रंगाला दुसरं पाणी घ्या.

देवराई

हिरड्याबद्दल थोडं. भीमाशंकर, जुन्नर, आंबेगाव, अकोले, महाबळेश्वर, कोयना या पट्ट्यात हिरडा रानात भरपूर. बी धरण्याआधीचं कोवळं फळ वाळवलं की तो बाळहिरडा, काळा आणि सुरकुतलेला. तो औषधाला जातो. जुन्नर-आंबेगावकडच्या महादेव कोळी कुटुंबांची वर्षाची रोख कमाई बरीचशी त्यावर असते. रंगाला आणि कातड्याला पुरं वाढलेलं पिवळं-तपकिरी फळ घ्या, बाळहिरड्याचे पैसे घालवू नका. घेताना कानाशी हलवून बघा. खडखड वाजणारं, भोक पडलेलं फळ किडकं असतं. फोडल्यावर गर पिवळसर हवा, काळा पडलेला नको.

इंग्रजांच्या काळात हा माल जहाजं भरभरून विलायतेला कातड्यासाठी जायचा, आणि प्रती गावांच्या नावाने ओळखल्या जायच्या: भिमलीपट्टणची, जबलपूरची, आणि आपल्या वेंगुर्ल्याची.

खैराचीवाडी

मग काताचंही नाव घ्यायलाच हवं. हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८०३ साली तुरट वनस्पतींवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात मुंबईकडचा आणि बंगालचा कात तपासला आहे. २०० ग्रेन वजनात मुंबईच्या कातात १०९ ग्रेन टॅनिन निघालं, बंगालच्या कातात ९७. कातडं कमवायला एक पौंड कात हा सात-आठ पौंड ओकच्या सालीइतका ठरेल असा तेव्हाचा अंदाज होता. मुंबईकडचा माल काढणारे हात आपल्या सह्याद्रीतले. कातकरी हे नावच कात करण्यावरून पडलं.

खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळतात, पाणी गाळून आटवतात आणि थंड करतात. थंड होताना जे दाणेदार बसतं तो पानात खायचा कात, त्यात मुख्यतः कॅटेचिन (टॅनिन ज्या साध्या रेणूंचं बनतं ते). वर उरलेल्या पाण्यात खरं टॅनिन असतं. ते आटवून जो काळसर गोळा होतो तो रंगाला आणि मासेमारीच्या जाळ्यांना. रंगासाठी पानवाल्याचा पांढरट कात आणला तर रंग फिका येतो, याचं कारण हे.

पान लाल होतं तेही इथलंच रसायन आहे, चुन्याच्या क्षारात कात आणि सुपारीतली द्रव्यं हवेने लाल होतात. मात्र सुपारी ही तोंडाच्या कर्करोगाचं सिद्ध झालेलं कारण आहे, हे त्याच वाक्यात सांगायला हवं.

आडवाट

हिरड्यातलं टॅनिन आणि कातातलं एकच का?

रंगशाळा

नाही, दोन घराणी आहेत. हिरडा, माजूफळ, डाळिंबाची साल यांतलं टॅनिन पाण्यात आम्लाने किंवा बुरशीने फुटतं, त्यातून गॅलिक आम्ल आणि तसले तुकडे निघतात. कात आणि बाभूळसालीतलं टॅनिन फुटत नाही, उलट एकमेकांना जोडलं जाऊन लाल-तपकिरी होत जातं. म्हणून हिरड्याचं कापड फिकट पिवळं, काताचं कापड उन्हात लालसर.

घरी फरक बघायचा तर दोन बशा घ्या. एकीत हिरड्याचं पाणी, दुसरीत काताचं. दोन्हींत चार-चार थेंब गंजलेले खिळे भिजवलेल्या व्हिनेगरचे. हिरड्याची बशी निळी-काळी होते, काताची हिरवट-काळी.

याचा व्यवहारातला अर्थ असा: हिरड्याचं पाणी तीन-चार दिवसांच्या वर ठेवू नका. बुरशी धरली की टॅनिन फुटून जातं आणि जोर कमी होतो. काताचं पाणी जास्त टिकतं.

डाळिंबसालीचं माप राहिलं होतं. वाळलेली साल ५० ग्रॅम, १०० ग्रॅम कापडाला, तासभर मंद उकळून. सालीचा स्वतःचा पिवळा चांगला असतो, तो तुरटीवर उजळतो आणि लोखंडावर शेवाळी होतो. साल सावलीत कडकडीत वाळवून मगच साठवा, आतला पांढरा पापुद्रा ओला राहिला की बुरशी.

पायताण

कोल्हापुरी चपलेचं कातडं हे याच टॅनिनचं काम. २०१९ साली चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे मिळून. चपलेचं नाव सगळ्यांना माहीत, कातडं कमावणाऱ्या ढोर समाजाच्या कसबाचा उल्लेख मात्र क्वचित होतो.

कातडं चुन्यात ठेवून केस सोडवतात, चुना धुऊन काढतात, मग बाभळीची कुटलेली साल आणि हिरडा. कातडं पिशवीसारखं शिवून त्यात साल आणि सालीचं पाणी भरून टांगायचं. पाणी कातड्यातून झिरपत खाली भांड्यात पडतं, ते पुन्हा वर ओतायचं, काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची.

घाई इथे चालत नाही. पाणी सौम्य ते कडक या क्रमानेच द्यायचं. पहिल्या दिवशीच कडक पाणी दिलं तर वरचा थर टॅनिन धरून घट्ट होतो आणि आत वाट बंद. बाहेरून तयार दिसणारं कातडं आतून कच्चं राहतं, नंतर तिथूनच कडक होऊन तडकतं. तपासायचं कसं? जाड भागाची कड धारदार सुरीने कापा आणि काप बघा. रंग आरपार एकसारखा हवा. मधे पांढरट रेघ दिसली तर अजून ठेवा.

बाभूळसालीने कातडं घट्ट आणि लालसर होतं, हिरड्याने रंग फिका आणि कातडं थोडं मऊ. म्हणून दोन्ही मिळून वापरतात.

वापरणाऱ्यांसाठी: भिजलेली कोल्हापुरी शेगडीजवळ किंवा केस वाळवायच्या यंत्राने वाळवू नका. वनस्पतीने कमावलेलं ओलं कातडं साधारण ७५ ते ८५ अंशांना आक्रसतं, आणि एकदा आक्रसलं की परत येत नाही. कागद भरून सावलीत ठेवा, किंचित दमट असतानाच तेलाचा हात द्या. ओली चपल लोखंडी जाळीवर ठेवली तर काळे पट्टे उठतात. तिथे लिंबाचा रस लावून पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर तेल.

माजघर

लोखंड आणि टॅनिनची ही गाठ स्वयंपाकघरात रोज पडते. आवळा लोखंडी विळीवर चिरला की काळा पडतो, मोरावळ्याला स्टीलची सुरी घ्या. मेंदी चहाच्या पाण्यात लोखंडी कढईत रात्रभर भिजवतात तेव्हा मात्र तोच काळा मुद्दाम हवा असतो.

केळफूल चिरून ताकाच्या पाण्यात टाकतात त्याला दोन कारणं. ताकाचं आम्ल काळं पडण्याची क्रिया मंद करतं, आणि ताकातली प्रथिनं टॅनिन धरतात, तुरटपणा उतरतो. चहात दूध घातल्यावर तुरटपणा कमी लागतो तेही असंच.

कच्च्या केळ्याचा तुरटपणा पिकल्यावर कुठे जातो? टॅनिन तिथेच असतं, पण त्याचे रेणू जोडले जाऊन न विरघळणारे होतात, लाळेपर्यंत पोचत नाहीत.

आहारातलं महत्त्वाचं: चहातलं टॅनिन भाजी-डाळीतलं लोह धरून ठेवतं, ते अंगी लागत नाही. जेवणासोबत चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा. जेवणात लिंबू पिळलं तर लोह शोषायला मदत होते. नाचणीच्या सालीतही टॅनिन असतं. १२ तास भिजवून मोड आणले की ते कमी होतं.

काळीमाती

सुरण खाजतो तोही टॅनिनमुळेच ना?

माजघर

नाही. सुरणात आणि अळूत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्या टोचतात. तिथे चिंच किंवा आमसूल लागतं, ताकातलं प्रथिन नव्हे. तुरट आणि खाजरं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

बोंडू

कोकणातून भर. काजूच्या बोंडांचा रस घशाला धरतो तो टॅनिनमुळे. १ लिटर ताज्या रसाला ५ ग्रॅम साबुदाणा घ्या. भुकटी करून थोड्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, पूर्ण थंड करा, मग रसात एकसारखा ढवळा. भांडं १२ तास थंड जागी न हलवता ठेवा. खाली साका बसतो, वरचा नितळ रस नळीने काढून घ्या. गरम साबुदाणा ओतला तर रस शिजल्यासारखा लागतो, आणि साका नीट बसत नाही. भाताची पेजही चालते, पण नितळपणा साबुदाण्याइतका येत नाही. बोंड झाडावरून पडल्याच्या दिवशीच पिळा. दुसऱ्या दिवशी ते आंबायला लागलेलं असतं.

भाताऐन

गंजाचं राहिलं. कोयता, कुदळ, फाटकाच्या सळ्या यांना हिरड्याचा लेप देता येतो. गंजलेल्या लोखंडाचं संवर्धन करताना वस्तुसंग्रहालयांतही टॅनिक आम्ल वापरतात.

१०० ग्रॅम हिरडा १ लिटर पाण्यात उकळून निम्मा आटवा, गाळा. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, चकचकीत करायची गरज नाही, उलट घट्ट बसलेला पातळ गंज हवाच, टॅनिन त्याच्याशीच जुळतं. तेलकटपणा मात्र सोड्याने धुवा. कोमट काढा ब्रशने घासून लावा, एक दिवस वाळू द्या, असे तीन हात. तपकिरीचा निळसर काळा होतो. हा थर एकटा पावसाळा काढत नाही, वर जवसाचं तेल किंवा रंग हवाच. पोपडे धरलेल्या जाड गंजावर लावलं तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि आत गंज चालू राहतो.

लाकडालाही हेच लागू. बाभूळ, खैर, ऐन यांत लोखंडी खिळा मारला की भोवती काळं वर्तुळ येतं. ओल येणाऱ्या जागी पितळी स्क्रू वापरा.

काळीमाती

शेवटचा प्रश्न. पांढऱ्या सदऱ्यावर हिरडा-लोखंडाचा डाग पडला आहे. ब्लीच लावल्यावर काळा गेला पण पिवळा उरला.

रंगशाळा

ब्लीचने टॅनिन गेलं, लोखंड तिथेच आहे. तो पिवळा म्हणजे गंज. आधी ब्लीच पूर्ण धुऊन टाका, त्याचा वास अजिबात राहता कामा नये, कारण ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की विषारी वायू सुटतो. मग लिंबाचा रस आणि मीठ डागावर चोळून तासभर उन्हात ठेवा, धुवा, लागल्यास पुन्हा करा. नुसत्या चहाच्या डागाला लिंबाच्या आधी थंड पाणी. साबणाची वडी घासू नका, त्यातल्या क्षाराने टॅनिन तपकिरी होऊन पक्कं बसतं.

सुतकताई

एक जोड: सदरा पुन्हा वापरायच्या आधी डागाच्या जागी हिरड्याच्या पाण्याचा एक थेंब आतल्या बाजूने टाकून बघा. करडा झाला तर लोखंड अजून आहे, लिंबू-मिठाची आणखी एक फेरी करा.